सनदी शाळा आणि शेवटची वाडी

‘सनद’ हा शब्द जुन्नर परिसराला नवा नाही. देशमुखी असो, पाटीलकी असो, देवस्थानचे इनाम असो, सगळा कारभार सनदेवर चालायचा. सनद म्हणजे राज्यकर्त्याने दिलेला लेखी अधिकार. अमुक काम तुम्ही करा आणि त्याबद्दल अमुक उत्पन्न तुम्ही घ्या, असा तो करार. इंग्रजीत यालाच चार्टर म्हणतात. अमेरिकेत गेली तीसेक वर्षे ज्या ‘चार्टर स्कूल’वरून वाद चालला आहे, तिला मराठीत ‘सनदी शाळा’ म्हणायला हरकत नाही.

हा वाद आपल्याकडेही आला आहे. सरकारी शाळा सरकारनेच चालवायला हव्यात का? पैसा सरकारचा, कारभार दुसऱ्या कोणाचा, असे केले तर काय बिघडते? हा प्रश्न आज नवा म्हणून मांडला जातो. महाराष्ट्रात मात्र तो किमान पावणेदोनशे वर्षे जुना आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या आधाराने तो तपासून पाहावा, असे मी ठरवले आहे. हे दोन तालुके निवडण्याचे कारण पुढे येईलच.

आधी अमेरिकेतली गोष्ट थोडक्यात. अशा शाळांची कल्पना रे बड नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने मांडली. १९८८ साली शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी ती उचलून धरली. ज्या शिक्षकांना नवे काही करून पाहायचे आहे, त्यांना नियमांच्या जाचातून मोकळे करावे, ठरावीक वर्षांची सनद द्यावी, मुले शिकली तर सनद वाढवावी, नाही तर काढून घ्यावी, असा हा साधा हिशेब होता. १९९१ साली मिनेसोटा राज्याने तसा कायदा केला आणि १९९२ साली पहिली शाळा उघडली. पुढे या शाळा शिक्षकांच्या हातून मोठ्या संस्थांच्या आणि कंपन्यांच्या हाती जाऊ लागल्या, तेव्हा शँकर यांनीच त्यांना विरोध केला.

या शाळांनी मुले अधिक शिकतात का, याचे उत्तरही एका शब्दात मिळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका केंद्राने २००९ साली पाहणी केली. तिच्यात १७ टक्के शाळा सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के कमी दर्जाच्या आणि उरलेल्या बरोबरीच्या आढळल्या. त्याच केंद्राच्या २०१३ आणि २०२३ सालच्या पाहण्यांत या शाळांची बाजू सुधारलेली दिसली. न्यू ऑर्लिन्स शहरात २००५ च्या कतरीना वादळानंतर जवळजवळ सगळ्या शाळा सनदेवर दिल्या गेल्या. २०१९ पर्यंत तिथे स्थानिक मंडळाची स्वतःची एकही शाळा उरली नव्हती. त्याच मंडळाने २०२४ साली पुन्हा स्वतःची शाळा उघडली. या शाळांना शंभर टक्के यश किंवा शंभर टक्के अपयश म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

आता आपल्याकडे येऊ. १८५४ साली चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता हिंदुस्थानात आला. सगळ्या शाळा सरकारला चालवता येणार नाहीत, म्हणून खासगी प्रयत्नांना अनुदान द्यावे, असे त्यात सांगितले होते. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा आणि तपासणी सरकारी इन्स्पेक्टरची, ही घडी तेव्हापासूनची आहे. पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर, टिळक वगैरे मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्यातूनच १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. स्वतंत्र बाण्याने निघालेल्या या संस्थेनेही पुढे सरकारी अनुदान घेतले. म्हणजे आज अमेरिकेतून आल्यासारखी वाटणारी ही कल्पना आपल्याकडे ‘अनुदानित शाळा’ या रुक्ष नावाने केव्हाच रुजली होती.

पण ती सगळीकडे सारखी रुजली का? इथे जुन्नर-आंबेगावचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. या दोन तालुक्यांचे दोन भाग आहेत. पूर्वेला मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा हा बागायती, बाजारपेठांचा, पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर या हमरस्त्यांचा मुलूख. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यापर्यंत गेलेला डोंगराळ भाग. तिकडे नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघर, इकडे भीमाशंकरच्या रांगेत आहुपे. तिथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि पावसाळ्यात चार महिने तुटणारी वाट, हा तिथला संसार. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला एसटीचा एखाद-दुसरा तास लागतो. शिक्षणाला तेवढेच अंतर कापायला शंभर वर्षे लागली.

अक्षरांचा अभाव या डोंगरातल्या माणसाला किती महाग पडला, याला इतिहासात पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकात सावकाराचे खत वाचता येत नाही आणि अंगठा तर द्यावाच लागतो, अशा अवस्थेत इथल्या जमिनी गेल्या. १८७० च्या दशकात जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला, त्यामागे हीच खते होती. १८७५ साली पूर्वेकडच्या तालुक्यांत दंगे झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रेच जाळली. ज्याला कागद वाचता येत नाही, तो कागद जाळतो. शाळा कोणी चालवायची हा वाद करताना शाळेचे मोल काय होते, हे विसरता येत नाही.

शेतकरी त्या वेळी शाळेसाठी पैसे मात्र भरत होता. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. शेतकऱ्याच्या पट्टीवर शाळा चालायच्या, पण त्याचे पोर त्या शाळेत क्वचितच दिसायचे.

नेमका हाच मुद्दा महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात मांडला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते निवेदन सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या आणखी एका भागाकडे मात्र आपले लक्ष कमी गेले आहे. त्या काळी शाळांना निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत होती. जितकी मुले परीक्षेत उतरतील, त्या मानाने पैसे. फुल्यांनी सांगितले की, ही पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यासाठी उपयोगाची नाही. त्यांच्यात अजून शिक्षणाची गोडीच उत्पन्न झालेली नाही. अशा लोकांत कोणी शिक्षक आपण होऊन शाळा काढणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. ती गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांना पर्याय नाही. शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असेही त्यांनी त्यात म्हटले होते.

फुले हे पुस्तकातून बोलत नव्हते. १८४८ पासून त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या, त्यांसाठी देणग्या आणि सरकारी मदत मिळवण्याची खटपट केली होती. म्हणजे खासगी शाळेचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यांना आतून ठाऊक होते. जुन्नर परिसराशीही त्यांचे नाते होते. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे त्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८० च्या दशकात जुन्नर भागातल्या कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला, त्या लढ्याला सत्यशोधकांचे बळ होते.

हंटर आयोगाने अखेर प्राथमिक शिक्षण लोकल बोर्ड आणि नगरपालिकांकडे सोपवले आणि वरच्या शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून खासगी संस्थांना वाव द्यावा, अशी शिफारस केली. आजचा महाराष्ट्र बहुतांशी त्याच आराखड्यावर उभा आहे. चौथी-सातवीपर्यंत जिल्हा परिषद आणि पुढे संस्थेचे हायस्कूल, हे चित्र खेड्यातल्या कोणालाही ओळखीचे वाटेल.

या आराखड्यातून मोठे काम झाले, हे प्रथम मान्य करायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९३७ नंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने ‘व्हॉलंटरी शाळा’ना उत्तेजन दिले, तेव्हा रयतने जिथे शाळा नव्हती अशा खेड्यांत शाळा काढल्या आणि दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या पुढे नेली. थोडे अनुदान, गावाने दिलेली जागा आणि ध्येयाने झपाटलेला शिक्षक, एवढ्या भांडवलावर त्या चालल्या. सनदी शाळेचे इतके चांगले उदाहरण जगात शोधून सापडणार नाही. पुढे प्राथमिक शिक्षणाचा भार स्कूल बोर्डांनी उचलला, तेव्हा अशा शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणजे खासगी संस्थेने वाट पाडली आणि सार्वजनिक व्यवस्थेने ती पक्की केली. याच कर्मवीरांच्या संस्थेचे अनुदान १९४८ साली सरकारने थांबवले होते, हेही नोंदवले पाहिजे. लोकांत ओरड झाली, गाडगे महाराजांनी खेर यांच्याकडे शब्द टाकला, तेव्हा ते सुरू झाले. सनद देणारा ती रागाच्या भरात काढूनही घेऊ शकतो, हा त्यातला धडा.

जुन्नर-आंबेगावातही संस्थांचे जाळे असेच विणले गेले. मंचरला रयतचे महात्मा गांधी विद्यालय, नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे सबनीस विद्यामंदिर, ओतूरला चैतन्य विद्यालय, जुन्नरला शंकरराव बुट्टे पाटील यांच्या नावाची शाळा. १९४१ साली स्थापन झालेल्या पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे महाविद्यालय ओतूरला आले. शेतकऱ्याची पहिली शिकलेली पिढी या शाळांनी घडवली. लोकांनी जमिनी दिल्या, धान्याच्या रूपाने वर्गणी दिली, श्रमदानाने खोल्या बांधल्या. ‘आमची शाळा’ या दोन शब्दांत जो अभिमान आहे, तो कोणत्याही सरकारी आदेशाने उत्पन्न होत नाही. खासगी कारभाराच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद मला हाच वाटतो.

आता याच यादीतली गावे पुन्हा एकदा वाचा. मंचर, नारायणगाव, ओतूर, जुन्नर. सगळी पूर्वेची किंवा मधल्या पट्ट्यातली, सगळी बाजाराची. पश्चिमेच्या डोंगरात संस्था फारशा गेल्या नाहीत. त्यात त्यांची दुष्ट बुद्धी नव्हती. वर्गणी देणारा शेतकरी नाही, फी भरणारा पालक नाही, पटाला पुरेशी मुले एका जागी नाहीत, शिक्षकाला राहायला खोली नाही, मग संस्था तिथे कशी तगणार? फुल्यांनी १८८२ साली जे सांगितले, ते पुढची ऐंशी-नव्वद वर्षे या डोंगरांत खरे ठरत राहिले.

तिथे जी शाळा गेली, ती सरकारी होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि वाडीवस्तीवर एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळा पोचू लागल्या. आश्रमशाळेची कल्पना मुळात ठक्करबाप्पांसारख्या सेवाभावी कार्यकर्त्यांची. पण १९७० च्या दशकात सरकारने ती स्वतःच्या अंगावर घेतली, तेव्हाच ती आहुपे-असाणेसारख्या गावांपर्यंत आली. तिचे कारणही पोटाशी जोडलेले आहे. आवणी उरकली, हिरडा संपला की डोंगरातली बिऱ्हाडे पूर्वेकडे मजुरीला उतरतात. नारायणगाव परिसरातल्या द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांना हेच हात लागतात. आईबाप मळ्यावर गेले तर पोर कुठे राहणार? राहते-खाते-शिकते अशी जागा असल्याखेरीज त्याची शाळा सुटणारच. डिंभे धरणाने या प्रश्नात आणखी भर घातली. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडले, ते जुने गावच घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याखाली गेले. विस्थापित झालेल्या कुटुंबांना मजुरीच्या वाटा अधिकच धराव्या लागल्या.

पण सरकारी म्हणजे आपोआप चांगले, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशे अनुदानित आश्रमशाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या इमारती, जेवण, आरोग्य याविषयीच्या तक्रारी दर वर्षी येत राहिल्या. डॉ. सुभाष साळुंके यांच्या समितीने २०१६ साली जो अहवाल दिला, त्यातून सुमारे पंधरा वर्षांत आश्रमशाळांतल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांचे मृत्यू झाल्याचे पुढे आले. या आकड्यापुढे कोणाही सार्वजनिक शिक्षणवाद्याची मान खाली जावी. वाडीवरच्या शाळांतही गुरुजी वेळेवर न येणे, एकाच शिक्षकाने चार इयत्ता सांभाळणे, त्यातच जनगणना आणि निवडणुकीची कामे, हे सगळे खरे आहे. त्यामुळे आज पूर्वपट्ट्यातली मुले सकाळी पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाताना दिसतात, तेव्हा त्यांच्या आईबापांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या लेकराचे भले कोणाला नको असते?

मग दुसरा कोणी चालवेल तर काय वाईट, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधताना जुन्या सनदांचे पुढे काय झाले, ते आठवावे. सनद कामाबद्दल मिळायची. पुढे काम मागे पडायचे, उत्पन्न मात्र राहायचे, आणि बापाची सनद पोराकडे, पोराची नातवाकडे जात तिचे वतन व्हायचे. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी नवी वतने देण्यापेक्षा रोख वेतनावर भर दिला, तो हा धोका ओळखूनच, असे इतिहासकार सांगतात.

शिक्षणातही हे घडले. अनुदान सुरू झाले की त्याला मुदत नसे. शिक्षकांना संरक्षण देणारा १९७७ चा कायदा आवश्यकच होता. पण शिक्षकाचा पगार सरकारकडून आणि नेमणूक संस्थाचालकाकडून, या व्यवस्थेत नोकरीची किंमत वसूल करण्याचा मार्ग अनेकांना सापडला. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली आणि ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत रूढ झाला. १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, २०१७ साली शिक्षकभरतीसाठी ‘पवित्र’ पोर्टल आणावे लागले. दरम्यान २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि २०१७ साली कंपन्यांनाही शाळा काढता येईल अशी दुरुस्ती झाली. सगळ्या संस्था अशा नव्हत्या आणि नाहीत. पण सनद देताना ती परत कशी घ्यायची, हे आपण कधीच नीट लिहून ठेवले नाही, एवढे खरे.

गेल्या काही वर्षांतले प्रयोगही याच पट्टीने मोजावेत. पुण्या-मुंबईच्या महापालिकांनी आपल्या काही शाळा ‘आकांक्षा’सारख्या संस्थांना चालवायला दिल्या. २००७ पासून सुरू झालेला हा प्रयोग अमेरिकेतल्या सनदी शाळेच्या सर्वांत जवळचा. इमारत महापालिकेची, फी नाही, मुले आसपासच्या वस्तीतली आणि शिक्षक संस्थेचे. अशा शाळांत वस्तीतल्या मुलांना मन लावून शिकवले जाते, याचे कौतुक झाले आणि ते रास्त आहे. पण शहरात एक शाळा फसली तर दुसरी चालत जाण्याच्या अंतरावर असते. सनद काढून घेण्याची धमकी तिथेच खरी असते, जिथे मुलाला दुसरी शाळा मिळते. डोंगरातल्या वाडीवर शाळा काढून घेतली तर शिक्षा संस्थेला होत नाही, पोराला होते. निवड करायची तर निदान दोन शाळा हव्यात. शेवटच्या वाडीवर एकच असते, आणि तीही टिकली तर.

आदिवासी मुलांसाठी सरकारने दुसरा मार्गही धरला. निवडक मुलांना ‘नामांकित’ इंग्रजी निवासी शाळांत घालायचे आणि त्यांची फी सरकारने भरायची. ज्या मुलांचा नंबर लागला, त्यांच्यापैकी काहींचे आयुष्य बदलले असेल. मागे राहिलेल्या आश्रमशाळेचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांत जेवणाऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात पैसे जमा करण्याचे धोरण आले. कागदावर हे स्वातंत्र्यच होते. तुमचे पैसे, तुमची निवड. पण त्या जुलै महिन्यात पुण्यातून आदिवासी विद्यार्थी भर पावसात नाशिकच्या दिशेने पायी निघाले. त्यांची मागणी साधी होती : पैसे नकोत, खाणावळ चालू ठेवा. पुणे-नाशिक रस्त्याने, म्हणजे याच दोन तालुक्यांतून वर गेलेल्या त्या मुलांना सिन्नरच्या अलीकडे पोलिसांनी अडवले. निवडीचे स्वातंत्र्य आणि हक्काची सोय यांतला फरक त्या पोरांना कोणी शिकवावा लागला नव्हता.

आणि मग लहान शाळांचा प्रश्न. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये तर एकाच महिन्यात दोन गोष्टी पुढे आल्या. एक दत्तक शाळा योजना. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यावी आणि हवे तर तिला आपण सुचवलेले नाव जोडावे. मोठ्या महापालिकांतल्या शाळेसाठी पाच वर्षांचे मोल २ कोटी रुपये, ग्रामीण शाळेसाठी ५० लाख. दुसरी समूह शाळा. वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळांतली मुले एकत्र आणून मोठ्या, सुसज्ज शाळा करण्याचा विचार. त्यासाठी नमुना म्हणून तोरणमाळ आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचे नाव पुढे केले गेले.

मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक मिळतात, सोबती मिळतात, खेळाचे मैदान मिळते, हे खोटे नाही. सात मुलांच्या शाळेत कबड्डीचा एक संघ होतो, खेळायला दुसरा मिळत नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलीने जुलै महिन्यात ओढा ओलांडून पाच किलोमीटर जायचे, तर गाडी रोज येईल याची हमी कोणाची? गाडी बंद पडली, ठेकेदाराचे बिल थकले, की सर्वांत आधी मुलीची शाळा सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा देण्याचे मान्य केले, ते याच अनुभवावरून.

सरकारी चौकटीत चांगले काही घडत नाही, हाही गैरसमज आहे. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून नावारूपाला आली, तिच्या प्रवेशासाठी रांगा लागल्या. आंबेगावला लागूनच असलेल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ साली जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा मान मिळवला. या शाळांना कोणी सनद दिली नव्हती. शिक्षकांना थोडी मोकळीक, गावाची साथ आणि शाळा आपली आहे ही भावना, एवढे तिथे होते. म्हणजे शँकर यांनी १९८८ साली जे मागितले, ते जिल्हा परिषदेच्या चौकटीतही देता येते. त्यासाठी शाळा दुसऱ्याला देऊन टाकावी लागत नाही.

या सगळ्या इतिहासातून मला एक कसोटी हाती लागते. शाळा कोण चालवतो, यापेक्षा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, ते पाहावे. खासगी शाळा नाही म्हणू शकते. फी नाही म्हणून, जागा नाही म्हणून, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही म्हणून, आणि कधी काहीच कारण न देता. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. त्या खटल्याच्या मुळाशीही नाही म्हणण्याचाच प्रश्न होता. जिल्हा परिषदेच्या शाळेला मात्र तो अधिकार नाही. दारात आलेले कोणतेही पोर, कोणत्याही महिन्यात, दाखला असो वा नसो, तिला घ्यावेच लागते. मळ्यावरून परतलेल्या मजुराचे पोर फेब्रुवारीत आले तरी त्याचे नाव पटावर चढते. ही तिची दुर्बलता नव्हे. हीच तिची सनद आहे.

म्हणून कोणाला शाळा चालवायला द्यायचीच असेल, तर तीन अटी लिहून घ्याव्यात. एक, येईल त्या मुलाला प्रवेश. दोन, सनदेला मुदत, आणि मुदतीअखेर हिशेब ग्रामसभेपुढे. तीन, संस्था निघून गेली तर दुसऱ्याच दिवशी शाळा उघडी ठेवण्याची जबाबदारी सरकारची. त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. ज्याला मंचर किंवा नारायणगावची शाळा हवी, त्याने आधी घाटघर किंवा आहुप्याची एक शाळा घेऊन दाखवावी. जो तिथे दहा पावसाळे काढील, त्याच्या हाती पूर्वेच्याही शाळा द्यायला माझी ना नाही.

कर्मवीरांनी नेमके तेच केले होते. जिथे शाळा नव्हती, तिथे ते गेले. आजचे बहुतेक उमेदवार जिथे शाळा आहे, इमारत आहे, पट आहे आणि रस्ता आहे, तिथे जायला उत्सुक आहेत. तोवर शेवटच्या वाडीवरची ती एका खोलीची शाळा, तिथला तो एक शिक्षक आणि पटावरची ती सात नावे सांभाळणे, हे आपले सगळ्यांचे काम आहे. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा देणाऱ्या त्या डोंगरातल्या माणसाचे देणे आपल्यावर अजून बाकी आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)